‘ठरलेलं’ हा रकाना : संगीताच्या अभ्यास मंडळांना खुलं पत्र

संगीत विषयाच्या अभ्यास मंडळांच्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी एम. ए. संगीताच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून बसलो होतो. एका मुलीला नेहमीचा प्रश्न विचारला : आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी का होती? तिचं उत्तर तयार होतं आणि बरोबरही होतं. १९४० साली बंदी आली, १९७१ साली सैल झाली. पेटीचे सूर ठरलेले, मधल्या श्रुती, म्हणजे दोन सुरांमधले बारीक सूर, तिच्यात सापडत नाहीत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, शिवाय वाद्य परदेशातून आलेलं. गुण लिहायला पेन उचललं आणि सहज तोंडून गेलं, “आणि त्या ३१ वर्षांत पेटीवाल्यांनी काय केलं?”

ती गप्प झाली. शेजारचे परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. मुलीला वाटलं आपलं काही चुकलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला जे शिकवलं होतं त्यात हा प्रश्नच नव्हता. मीही वीस वर्षं तोच पेपर शिकवत आलो आणि मीही तो कधी विचारला नव्हता. मी स्वतः पेटीवाला असून!

माझे गुरुजी त्या काळातले. ते दिवसा पेट्या दुरुस्त करायचे. भात्याला चामडं लावायचे, बिघडलेले सूर घासून जुळवायचे, आणि संध्याकाळी शिकवण्या. हात असा होता की गाणारा समेवर यायच्या आधी पेटीनं जागा धरून ठेवलेली असायची. ते एकदाच म्हणाले होते, “रेडिओ लागला असता तर पोरांची शाळा सुटली नसती.” तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, मला त्या वाक्याचं वजन कळलं नाही. आज कळतं. बंदीच्या त्याच वर्षांत संस्थानं विलीन झाली, दरबारांचे पगार संपले, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे देणारी सगळ्यात मोठी जागा उरली ती रेडिओ. सारंगीवाल्यांना तिथे नोकऱ्या मिळाल्या. पेटीवाला दाराबाहेर राहिला. आपण मात्र ही गोष्ट श्रुतींची म्हणून शिकवतो.

आपल्या अभ्यासक्रमात भरत, शार्ङ्गदेव हे जुने ग्रंथकार आहेत, दहा थाट आहेत, घराण्यांची वैशिष्ट्यं आहेत, थोर कलावंतांची चरित्रं आहेत. हे सगळं हवंच. यातलं एक पानही काढा असं मी म्हणत नाही. पण हे संगीत कुणाच्या पैशावर उभं राहिलं, वाजवणाऱ्याला रोज किती तास बसवलं जायचं, त्याला नोकरी सोडता यायची का, आजारी पडला तर काय व्हायचं, यातलं काहीच त्यात नाही. संगीत हे काम आहे आणि त्या कामाला स्वतःचा इतिहास आहे, हे आपण विद्यार्थ्याला सांगतच नाही.

तो इतिहास फार जुना आहे आणि फार ठिकाणचा आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कुणाकुणाचं अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्यात चोर आणि गवई एकाच समासात बसवले आहेत : ‘स्तेनगायनयोः’. इकडून हजारो कोस लांब, तेराव्या शतकातल्या जर्मन मुलखात ‘साक्सेनश्पीगेल’ नावाचा कायदेसंग्रह झाला. कुणावर अन्याय झाला तर भरपाई काय द्यायची ते त्यात वर्गवार सांगितलं आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काय द्यायचं? माणसाची सावली. ज्यानं अन्याय केला त्याच्या सावलीवर याने समाधान मानायचं. दोन समाज, एकमेकांची भाषा माहीत नाही, आणि वाजवणाऱ्याला कुठे बसवायचं याबद्दल मात्र एकमत. विद्यार्थ्यांसमोर हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून बघा, वर्गात काय शांतता पसरते ते.

आणि त्याच वेळी कौटिल्याचं अर्थशास्त्रही ठेवा. त्यातल्या वेतनांच्या प्रकरणात कुशीलवांना, म्हणजे नट-गवयांना, २५० पण (त्या काळचं नाणं) आणि कारागिरांना १२० पण असा दर लिहिलेला आहे. मंत्री-सेनापतींच्या ४८,००० पणांपुढे ही रक्कम काहीच नाही. पण ती लिहिलेली आहे! ज्याचं अन्न चालत नाही त्याचा पगार मात्र राज्याच्या हिशेबात आहे. आपल्या धंद्याचं सगळं दुखणं मला या दोन ग्रंथांच्या मधल्या जागेत दिसतं.

आता माझ्या वह्यांबद्दल सांगतो, कारण पत्र लिहायचं खरं कारण त्या आहेत.

परीक्षेहून घरी आलो आणि ट्रंकेतल्या वह्या काढल्या. पहिल्या कार्यक्रमापासून मी नोंद ठेवत आलो आहे. सहा रकाने : तारीख, गायक, ठिकाण, पट्टी, ठरलेलं, मिळालेलं. गुरुजींनीच आखून दिले होते. पट्टीचा, म्हणजे गायकाच्या आधार सुराचा, रकाना कधी चुकलेला नाही. काळी एक, काळी चार, पांढरी पाच, सगळं नीट. ‘मिळालेलं’ बहुतेक भरलेलं आहे, कुठे कुठे शून्य. ‘ठरलेलं’ हा रकाना मात्र वहीमागून वही कोरा आहे. पंचवीस वर्षांत मी कुणालाही आधी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही.

का विचारलं नाही याचा विचार करताना मी शब्दांपाशी अडलो. सुताराला आपण मजुरी देतो, वकिलाला फी देतो, शिक्षकाला पगार देतो, आणि वादकाला देतो मानधन. बिदागी, नजराणा, इनाम, मानधन : यातला एकही शब्द कामाच्या मोबदल्याचा नाही. बिदागी म्हणजे निरोप देताना हातावर ठेवायचं ते. नजराणा आणि इनाम देणाऱ्याच्या मर्जीचे. मानधनात तर मान आधी आणि धन मागून, आणि मानाची रक्कम विचारणं म्हणजे मान घालवणं. कार्यक्रम संपल्यावर पाकीट हातात येतं, ते समोर उघडायचं नसतं. घरी येऊन उघडल्यावर जे निघेल ते आपलं.

तमाशाचे फडमालक आणि बँडवाले सुपारी घेतात, इसार घेतात. तारीख ठरते, रक्कम ठरते, माणसं किती येणार ते ठरतं. शास्त्रीय संगीतातले आम्ही लोक ‘सुपारी’ हा शब्द नाक मुरडून उच्चारतो. मीही उच्चारला आहे, त्याची मला आज लाज वाटते. ज्यांना आम्ही खालचे समजत होतो त्यांचा व्यवहार आमच्यापेक्षा स्वच्छ होता.

करार म्हटला की हायडन या युरोपातल्या रचनाकाराचं उदाहरण मला शिकवावंसं वाटतं. १ मे १७६१ रोजी तो एस्टरहाझी या सरदार घराण्याकडे नोकरीला लागला तेव्हा लिहिलेला करारनामा आजही वाचता येतो. त्यानं पांढरे मोजे आणि पांढरं लिनन घालायचं, केसांना पावडर लावायची, शेंडी बांधायची नाहीतर केस पिशवीत बांधायचे. दुपारच्या आधी आणि नंतर दालनाबाहेर हजर राहून आज संगीताचा हुकूम आहे का ते विचारायचं. मालक सांगेल ते रचायचं, त्याच्या नकला कुणाला द्यायच्या नाहीत, परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी काही लिहायचं नाही. हाताखालच्या वादकांची भांडणं मिटवायची, वाद्यांची निगा राखायची. वर्षाला ४०० फ्लोरिन. १७७९ साली नवा करार झाला, तेव्हा कुठे दुसऱ्यासाठी न लिहिण्याची अट गळाली.

वाचताना अंगावर काटा येतो. एवढा मोठा रचनाकार आणि वर्दीतला नोकर. पण दुसऱ्यांदा वाचलं की आणखी एक दिसतं : सगळं लिहिलेलं आहे. पगार किती, तो कधी मिळणार, जेवणाचं काय, मुदत किती, सोडायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं. माझ्या वहीतल्या पाचव्या रकान्यात एवढंही नाही.

याच हायडननं १७७२ साली वादकांचं गाऱ्हाणं मालकाच्या कानावर घातलं ते सुरांतून. उन्हाळी महालातला मुक्काम लांबला होता, वादकांची बायकापोरं लांब राहिली होती. शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवून होताच मेणबत्ती विझवून उठून जातो, अशी रचना त्यानं केली. अखेरीला दोनच व्हायोलिनं उरतात. असं सांगतात की दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलला. आपण हा किस्सा गंमत म्हणून सांगतो. मला तो रजेचा अर्ज वाटतो, आणि सामुदायिक अर्ज.

आपल्याकडेही असंच होतं. बडोदा संस्थानात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या-नाचणाऱ्यांचं जे खातं होतं त्याला ‘कलावंत कारखाना’ म्हणत. कारखाना! हत्तीखाना, मुदपाकखाना, तसाच हा कलावंतांचा. त्याला लेखी नियम होते, महिन्याचा तनखा होता, चुकारपणाला दंड होता. आपल्या घराण्यांची किती थोर नावं अशा खात्यांच्या हजेरीपटावर होती! आपण त्यांना ‘राजाश्रय’ मिळाला असं एका शब्दात लिहितो आणि पुढे जातो. आश्रय या शब्दात नोकरी झाकली जाते. हजेरी, दंड, रजा, बढतीसाठी केलेले अर्ज, हे सगळं त्या एका शब्दाखाली दबून गेलं आहे.

जर्मन रचनाकार बाखचं सांगायचं तर १७१७ साली वायमारच्या दरबाराची नोकरी सोडून जायची म्हणून त्यानं फार हट्ट धरला, तेव्हा त्याला जवळपास चार आठवडे कोठडीत ठेवलं होतं. राजीनामा देणं हाच गुन्हा. पुढे लाइपझिगमधून १७३० साली मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की हवा निरोगी असली की माणसं कमी मरतात, अंत्यविधींचं वाजवणं कमी होतं आणि आपली मिळकत घटते. आदल्या वर्षी त्यात शंभराहून जास्त थालरचा (तिथल्या नाण्याचा) फटका बसला. हे वाचलं तेव्हा मला बाख पहिल्यांदा ओळखीचा वाटला. पावसाळ्यात कार्यक्रम नसताना मीही असेच हिशेब मांडले आहेत.

बायकांच्या कामाबद्दल तर आपली पुस्तकं जवळजवळ गप्पच आहेत. लखनौच्या १८५८ ते १८७७ या काळातल्या करवसुलीच्या वह्यांत शहरातल्या सगळ्यात वरच्या करगटात तवायफांची नावं आहेत. स्वतःच्या कमाईवर घरं उभी करणाऱ्या, सारंगीवाले-तबलजी पदरी ठेवणाऱ्या, मुली शिकवणाऱ्या या बायका. पन्नास-पाऊणशे वर्षांत चित्र पालटलं. नाच-गाण्याविरुद्ध मोहिमा झाल्या, देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले, १९३४ साली मुंबई इलाख्यात, १९४७ साली मद्रासमध्ये. शोषण थांबायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण शोषण थांबवताना त्यांचं गाणं, म्हणजे त्यांचं काम, कुठे ठेवायचं याचा विचार फार थोड्यांनी केला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ज्यांचं खाजगी आयुष्य बदनाम आहे अशा गायिकांना रेडिओवर घेऊ नये असा हुकूम निघाला. नावांमागची ‘जान’ आणि ‘बाई’ गळून ‘देवी’ आणि ‘बेगम’ का आली, हे विद्यार्थ्याला कळलं पाहिजे. त्यांच्याबरोबर त्यांच्या साथीला बसणाऱ्यांचीही रोजी गेली, तेही कळलं पाहिजे.

आपल्या संस्थांची सुरुवातही एका अपमानातूनच झाली आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या चरित्रांत मिरजेचा एक प्रसंग सांगितला जातो. एका समारंभाचं आमंत्रण त्यांना आलं, पण त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना आलं नाही, कारण ते ‘गवई’ होते. विष्णु दिगंबर मिरज सोडून निघाले आणि १९०१ साली लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गवयाला मान मिळवून द्यायचा हे त्यांचं व्रत होतं आणि ते त्यांनी पार पाडलं. आज आपण सगळे त्याच झाडाच्या सावलीत आहोत. पण मान मिळवण्याच्या या धडपडीत पैशाचं बोलणं हलकं ठरलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाजवून पोट भरणारी घरं या नव्या वर्गखोल्यांच्या बाहेरच राहिली. हे म्हटल्यानं विष्णु दिगंबरांचं मोठेपण कमी होत नाही. त्यांनी जे अर्ध्यावर सोडलं ते पुरं करणं आपल्या पिढीकडे आहे, एवढंच.

यंत्रांचा भाग थोडक्यात सांगतो, तो विद्यार्थ्यांना आपोआप रस वाटेल असा आहे. १९२७ साली अमेरिकेत बोलपट आला. मूकपटांच्या थिएटरांत पडद्यापुढे बसून वाजवणाऱ्यांच्या जवळपास २२,००० नोकऱ्या काही वर्षांत गेल्या, असा तिथल्या वादक संघटनेचा हिशेब आहे. आपल्याकडे १९३१ साली पहिला बोलपट आला आणि थिएटरातले तबला-पेटीवालेही उठले. मग १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या त्याच संघटनेनं रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. म्हणणं साधं होतं : आमची रेकॉर्ड वाजते आणि आमची जागा जाते, तर त्या रेकॉर्डच्या विक्रीतला काही हिस्सा आमच्यातल्या बेकारांना द्या. महायुद्ध चालू होतं, सरकारचा दबाव होता, तरी ते दोन वर्षांहून अधिक काळ हटले नाहीत, आणि मोठ्या कंपन्यांना हिस्सा कबूल करावा लागला. वादकांनी एकत्र येऊन काही मिळवलं, याचं असं उदाहरण आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात नाही.

मुंबईच्या सिनेमासंगीतातले गोव्याकडचे वादक आणि संयोजक घ्या. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेली ही मंडळी. गाण्याची चाल एकाची, पण व्हायोलिनांचे थर, मधले तुकडे, सगळा वाद्यमेळ कागदावर उतरवणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे. पडद्यावर नाव एकाचंच. पुढे सिंथेसायझर आला आणि ज्या स्टुडिओत शंभर जण बसायचे तिथे चार जण बसायला लागले. यातले काही वादक अजून हयात आहेत. त्यांच्याकडे कुणी विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन गेला आहे का?

माझं मागणं अगदी व्यवहारातलं आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका सत्राचा एक पेपर या विषयाला द्या. नाव काहीही ठेवा. त्यात प्रत्येक विद्यार्थ्यानं एका साथीदाराची, वाद्य बनवणाऱ्याची किंवा जुन्या वाद्यवृंदातल्या वादकाची सविस्तर मुलाखत घ्यावी : काय वाजवलं हे विचारावंच, पण काय मिळालं, कसं ठरलं, कोण बुडवून गेलं, म्हातारपणी काय चाललं आहे हेही विचारावं. प्रात्यक्षिकात एका पानाचा करारनामा लिहून दाखवायला सांगा आणि त्याला गुण ठेवा. आणि आपला कायदा वर्गात वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क १९९४ साली आले आणि २०१२ च्या दुरुस्तीत ते वाढले. सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाला तर त्यात रॉयल्टीचा हक्क आहे. कलम ३८ ब प्रमाणे सादरकर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी हाही हक्क आहे. किती रेकॉर्डिंगांच्या वेष्टनावर तबलजीचं नाव असतं आणि पेटीवाल्याचं नसतं! एम. ए. झालेल्या पेटीवाल्याला हे कलम माहीत नसेल तर आपण त्याला काय शिकवलं?

काही सदस्य म्हणतील की कला पैशानं मोजू नये. मान्य. गाणं मोजायचं नाहीच. पण वाजवणाऱ्याचा वेळ, प्रवास, त्याचा घसा, त्याची पाठ, त्याच्या मनगटाचं दुखणं, यांची मोजदाद व्हायलाच हवी, कारण डॉक्टर, घरमालक आणि मुलांची शाळा ती रोज करत असतात. काही म्हणतील की तासिका उरलेल्या नाहीत. घराण्यांच्या वैशिष्ट्यांवर आपण बी. ए. ला आणि एम. ए. ला दोनदा जवळजवळ तेच शिकवतो, तिथून आठ तास सहज निघतील. मी शिकवलं आहे, म्हणून सांगतो.

माझ्या वह्या मी द्यायला तयार आहे. चौदा आहेत, पहिल्या दोन थोड्या वाळवी लागलेल्या. गायकांची नावं झाकून त्यांच्या प्रती काढता येतील. कुठल्याही विभागानं एक कपाट आणि एक जबाबदार माणूस दिला तर मी स्वतः आणून देईन आणि न समजणारं अक्षर बसून वाचून दाखवीन. इतर साथीदारांकडेही अशा वह्या आहेत, त्यांनाही मी विचारीन.

पंधरावी वही सध्या चालू आहे. त्या परीक्षेनंतर मी प्रत्येक कार्यक्रमाआधी फोन करून विचारायला लागलो. पहिल्यांदा विचारताना आवाज चिरकला होता. आतापर्यंत अकरा नोंदी आहेत, त्यातल्या आठ नोंदींत ‘ठरलेलं’ भरलेलं आहे. विचारलं म्हणून दोन कार्यक्रम हातचे गेले. त्यांच्याही तारखा लिहून ठेवल्या आहेत.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एक पेटीवादक